कोल्हापुरात गाणं, नाटक, सिनेमा आणि खाणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

बाहेरगावचं कोणी ओळखीचं कोल्हापूरला निघालं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात, रस्सा कुठं खायचा आणि मिसळ कुठली भारी. पण हल्ली कुणीकुणी असंही विचारतं की संध्याकाळी काय असतं ओ तुमच्याकडं, एखादं नाटक, गाणं, काही बघण्यासारखं? हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो, कारण हे शहर नुसतं पोटानं ओळखलं जातं याचं मला कायम वाईट वाटत आलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सकाळी येऊन रात्री परत जायचंय. एका दिवसात होईल का?

अंबाबाईचं दर्शन, एक मिसळ, एक थाळी आणि रंकाळ्यावर अर्धा तास एवढं होईल. बाकीचं नाही होणार. निदान एक मुक्काम करा, कारण इथलं गाणं-नाटक संध्याकाळी सहानंतर सुरू होतं आणि तुम्ही नेमके त्याच वेळी परतीच्या गाडीत बसलेले असता. माझ्या मते शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी दुपारचं जेवण करून निघायचं, हे सगळ्यात उत्तम.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ना? मग आता नाटकं कुठं होतात?

हो, जळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती होती. बातमी कळल्यावर आम्ही गाड्या काढून खासबागेकडं पळालो, तर अख्खं मंगळवार पेठ रस्त्यावर. बायका, पोरं, म्हातारी माणसं नुसती बघत उभी होती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लाकूड जळल्याचा वास आणि वर उडणाऱ्या ठिणग्या. माझ्या शेजारी एक बॅकस्टेजवाला उभा होता, पन्नाशीचा असेल, तो सारखं एकच म्हणत होता, "विंगेतली फळी न् फळी मला माहीत होती." ते वाक्य अजून कानातनं जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं एक हॉल जळाला, दुसरा बांधतील. तसं नाहीये ते. राजर्षी शाहू महाराजांनी हे थिएटर बांधून घेतलं, १९१५ ला पूर्ण झालं, तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, १८९० चा जन्म, वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली आणि १९२१ मध्ये, एकतिशीत, गेले. थिएटरच्या पाठीला पाठ लावून खासबागचं कुस्ती मैदान, तेही महाराजांनीच १९१२ मध्ये केलेलं. म्हणजे एका बाजूला नाट्यपद आणि पलीकडं शड्डूचा आवाज, दोन्ही एकाच राजानं एकाच आवारात आणून ठेवलेलं. मला तरी असं दुसरं गाव माहीत नाही.

आगीत छत, रंगमंच, खुर्च्या सगळं गेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. होतं तसंच परत बांधायचं म्हणून काम हाती घेतलंय, तेव्हा येण्याआधी चौकशी करून या. तोवर नाटकं-कार्यक्रम दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात, पेटाळ्याच्या गडकरी हॉलमध्ये, कधी विद्यापीठात असे विखरून होतात. राज्य नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र असतं, तेव्हा आलात तर फार छान, हौशी संस्थांची नाटकं रोज एक अशी बघायला मिळतात. प्रत्यय, अभिरुची अशा संस्थांनी इथं वर्षानुवर्षं हौशी नाटक जिवंत ठेवलंय, त्यातली माणसं दिवसा बँकेत, कॉलेजात, दवाखान्यात काम करतात आणि रात्री तालमीला येतात. तिकीट काढून बघा. पास मागू नका.

शास्त्रीय गाणं ऐकायचंय, कुठं जाऊ?

गायन समाज देवल क्लब. खासबागेजवळच आहे, कुणालाही विचारा. १८८३ ची संस्था आहे, म्हणजे सिनेमा जन्माला यायच्या आधीपासून इथं मैफली होतात. अजूनही गाण्याचे क्लास चालतात, संध्याकाळी बाजूनं गेलात तर कुणीतरी पोरगं सा लावत बसलेलं ऐकू येतं.

कोल्हापूर आणि गाणं हा विषय निघाला की अल्लादिया खाँसाहेबांपासून सुरुवात करावी लागते. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक, मूळचे उत्तरेकडचे, पण शाहू महाराजांनी त्यांना दरबारात गायक म्हणून ठेवलं आणि महाराज १९२२ मध्ये जाईपर्यंत ते इथंच राहिले, मग मुंबईला गेले. अवघड, अनवट, जोड राग आणि तालाच्या अंगानं नागमोडी फिरणारी तान ही त्यांच्या गायकीची ओळख, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ मात्र कोल्हापुरातच राहिले, शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले, धोंडूताई कुलकर्णी तर इथल्याच. म्हणजे आज देशात कुठंही जयपूर गायकी ऐकलीत तर तिची एक वाट आमच्या पेठांतून गेलेली आहे. हे इथल्याच पोरांना माहीत नसतं, आणि मला त्याची खरंच चुटपुट लागते.

सुगम संगीत म्हणाल तर सुधीर फडके इथले, १९१९ मध्ये कोल्हापुरातच जन्मले. जगदीश खेबुडकर इथंच राहिले, इथंच बसून त्यांनी लावण्यांपासून भक्तिगीतांपर्यंत सगळं लिहिलं.

एक सांगतो. छोट्या मैफलीला जा, मोठ्या मंडपातल्या नको. मी एकदा पाऊस पडत होता म्हणून निम्म्या रिकाम्या हॉलमध्ये एका तरुण गायिकेला ऐकलं, जेमतेम पंचवीस-तीस माणसं असतील, आणि तिसऱ्या रांगेत एक आजोबा डोळे मिटून मांडीवर बोटानं मात्रा मोजत होते, समेवर बरोब्बर मान हलायची. मध्यंतरात ती गायिका खाली उतरून आधी त्यांच्या पाया पडली. ओळख ना पाळख. इथला श्रोता असा आहे.

कोल्हापूरला मराठी सिनेमाचं माहेरघर का म्हणतात?

कारण खरंच आहे. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच पेंटर पडलं. दोघांना सिनेमाचं वेड लागलं, पण परदेशी कॅमेरा घ्यायला पैसा कुठला, मग ठरवलं आपणच करू. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूराव मागं हटले नाहीत, त्यांनी कॅमेरा स्वतः कोल्हापुरात तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. हे मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण इतिहासात बाबूरावांचं नाव येतं आणि तानीबाईंचं गाळलं जातं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' १९२० मध्ये आला आणि त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. तो बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. मग १९२५ चा 'सावकारी पाश', सावकारानं नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, त्यात तरुण शांताराम. देवादिकांच्या कथांच्या जमान्यात कर्जात बुडालेला कुळंबी पडद्यावर आणायचा, विचार करा!

त्याच कंपनीत तयार झालेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा', १९३२ चा, तो पण इथंच झाला, आणि त्यात राजा हरिश्चंद्र कोण, तर संगीत नाटकातले नट आणि पेटीवादक गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. गाणं, नाटक, चित्रकला आणि सिनेमा असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे बघा इथं, एकाचा धागा ओढला की बाकीचे तीन हातात येतात. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. वर्दळीचा रस्ता आहे, गाड्या भुर्र निघून जातात, पण तुम्ही दोन मिनिटं थांबा.

जुने स्टुडिओ बघायला मिळतात का?

बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हे आधीच सांगतो. जयप्रभा हा भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ, १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तो जाळला गेला, भालजींनी पुन्हा उभा केला. त्यांच्या 'वाल्मीकी'त पोरसवदा राज कपूर नारद झाले होते. नंतर ही मालमत्ता लता मंगेशकरांकडं गेली, पुढं जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये कळलं तेव्हा इथले कलाकार, तंत्रज्ञ दिवसच्या दिवस धरणं धरून बसले होते. मी पण दोनदा जाऊन बसलो. वयस्कर लाईटमन, मेकअपवाले, जुन्या एक्स्ट्रा बायका, त्यांना त्या जागेतनं काही मिळणार नव्हतं, फक्त ती जागा राहावी एवढंच होतं.

आता शूटिंग म्हणाल तर मोरेवाडीच्या माळावर कोल्हापूर चित्रनगरी आहे, मालिकांची कामं चालतात तिथं. आत सोडतील की नाही हे त्या दिवशी काम काय चाललंय त्यावर.

सिनेमे बघायला काही वेगळं आहे का, की मल्टिप्लेक्सच?

मल्टिप्लेक्स आहेतच. वेगळं बघायचं असेल तर कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे आणि कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, किफ म्हणतात त्याला. मोठ्या शहरातल्या फेस्टिव्हलसारखी रेटारेटी नसते, पिक्चर संपला की बाहेर चहाच्या गाडीवर दिग्दर्शकच तुमच्या शेजारी कप घेऊन उभा असतो, विचारा काय विचारायचं ते.

चित्रं कुठं बघायची?

टाऊन हॉल म्युझियम. सीपीआर हॉस्पिटलजवळ, बागेत, दगडी इमारत. लोक तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती बघायला जातात, आणि ती बघाच, ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला याचा विचार करत उभं राहायला होतं. पण मी तुम्हाला पाठवतोय ते आबालाल रहिमान यांच्या चित्रांसाठी. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांनी आश्रय दिला, आणि पुढं फकिरासारखे कोटीतीर्थाच्या आसपास राहून रंगवत बसले, १९३१ मध्ये गेले. पाण्यावरचा सकाळचा उजेड त्या माणसानं जसा पकडलाय तसा मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. एकदा चित्र बघा, मग पहाटे रंकाळ्यावर जा, मग परत चित्र बघा.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. सिनेमातले ते रुबाबदार चंद्रकांत, त्यांनी राहतं घर चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. शांत जागा आहे, बऱ्याचदा तुम्ही एकटेच असता. आणि शाहू स्मारकच्या कलादालनात सतत कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन असतं, कलानिकेतन आणि दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूटची पोरं तिथं आपापली चित्रं लावून बिचकत उभी असतात. त्यांच्याशी बोला, त्यांना बरं वाटतं.

तांबडा-पांढरा खूप तिखट असतो का? आम्हाला झेपेल?

झेपेल. कोल्हापुरी म्हणजे नुसतं जहाल तिखट हा बाहेरच्या हॉटेलांनी करून ठेवलेला गैरसमज आहे, त्यांनी लाल रंग आणि तेल ओतलं आणि नाव आमचं लावलं. तांबड्याचा लाल रंग चटणीचा असतो. इथं चटणी म्हणजे ताटात वाढायची नव्हे, वर्षभराचा मसाला, कांदा-लसूण चटणी. एप्रिल-मे मध्ये पेठेत कुठंही फिरा, डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीवर, बायका नंबर लावून बसलेल्या असतात, आपापली पाटी घेऊन. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला, जवारी अजून कशाला, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि ते ती शेजारणीला सांगत नाही. वाळवलेला तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, सगळं मिरचीबरोबर कुटायचं. माझी आई डंकवाल्याच्या समोरून हलायची नाही, आदल्या बाईची चटणी उखळात राहून आपल्यात मिसळेल म्हणून. घरी आल्यावर दोन दिवस सगळं घर शिंकत असायचं.

पांढरा त्याच्या उलट. मटण शिजवलेलं पाणी, त्याला आम्ही अळणी म्हणतो, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून घालायचे, वेलची-लवंगेची फोडणी. तो उकळवायचा नाही जोरात, फुटतो. थाळी आली की आधी वाटी उचलून पांढरा गरम गरम प्यायचा, मग सुकं मटण भाकरीबरोबर, तांबडा भाकरी कुस्करून, आणि शेवटी भातावर दोन्हीतला कुठलाही. रस्सा पाहिजे तेवढा वाढतात, लाजू नका. दही-कांदा बाजूला असतोच.

कुठं? पद्मा गेस्ट हाऊस, देहाती, ओपल ही जुनी नावं सगळ्यांना माहीत आहेत, गर्दी असते. पण घरगुती खानावळ शोधलीत तर जास्त समाधान मिळेल, जिथं मालकीण स्वतः चुलीजवळ असते आणि बारा भाकरी झाल्या तरी अजून घ्या म्हणते.

सोमवारी मटण मिळेल का?

हॉटेलात मिळेल. घरात नाही, बहुतेक घरी सोमवार-शनिवार पाळतात. खरी मजा रविवारी आणि बुधवारी, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग हा एक कार्यक्रमच असतो, अख्ख्या पेठेची खबरबात तिथं कळते.

मिसळ कुठली?

यावर भावाभावांत अबोला धरतात. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, या दोन तर खाच, बाकी प्रत्येक गल्लीत एक हुकमी असतेच. लक्षात ठेवायचं ते असं की इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाईस येतात, गोल पाव शोधत बसू नका, आणि वरच्या तर्रीला कट म्हणतात. "कट वाढा" म्हटलं की वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो. सकाळी दहाच्या आत जा.

आम्ही शाकाहारी आहोत, आमचं काय?

व्हेज कोल्हापुरी मागवू नका, ती हॉटेलच्या मेनूकार्डातली भाजी आहे, इथल्या कुठल्या आईनं ती केलेली मी पाहिली नाही. झुणका, खर्डा, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, असं मागा. पन्हाळ्यावर गेलात तर तिथल्या बायका चुलीवर करून वाढतात, धुकं असेल तर अजून काय पाहिजे. शहरात लोणी डोसा, खासबागेतली राजाभाऊंची भेळ, आणि गुऱ्हाळांच्या दिवसात आलात तर गरम गूळ. काही ठिकाणी शाकाहारी तांबडा-पांढराही मिळतो, बरा असतो.

कार्यक्रम रात्री साडेदहाला संपला, आता खायचं काय?

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याबद्दल ऐकलं असेल, म्हशी समोर बांधलेल्या आणि धार काढून फेसासकट ग्लास हातात. कोमट असतं, फेस मिशीला लागतो, पहिला घोट घेताना नव्या माणसाला जरा धाकधूक होते आणि दुसरा ग्लास तो स्वतःहून मागतो. पण धारेची वेळ ठरलेली, पहाटे आणि संध्याकाळी, उशिरा गेलात तर नाही. रात्री मग आईस्क्रीम-कोल्ड्रिंकची दुकानं, अंडा-ऑम्लेटच्या गाड्या. रस्सा-थाळीसाठी दहाच्या आत बसावं.

कार्यक्रमांची माहिती कुठं मिळते? नेटवर काहीच सापडत नाही.

बरोबर आहे, नाहीच सापडत. मी स्वतः एकदा ऑनलाईन तारीख बघून मित्राला सांगलीहून बोलावलं आणि कार्यक्रम आदल्या दिवशीच होऊन गेलेला, तो बिचारा एसटीनं आला होता. तेव्हापासून माझी पद्धत अशी: सकाळच्या पेपरातलं 'आजचे कार्यक्रम' वाचायचं, शाहू स्मारकच्या दारातले बोर्ड बघायचे, देवल क्लबला सरळ फोन लावायचा. आणि एखाद्या कार्यक्रमाला गेलात की तिथल्या संयोजकाला नंबर द्या, तो व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतो, मग वर्षभर निरोप येत राहतात. बरेचसे कार्यक्रम फुकट असतात आणि छापलेल्या वेळेला सुरू होतात, निदान गाण्याचे तरी.

आमचा छोटा ग्रुप आहे, कोल्हापुरात प्रयोग करायचाय. लोक येतील का?

येतील, पण पहिल्या वेळी हॉल भरेल अशी अपेक्षा धरू नका. मोठ्या सभागृहाच्या मागं लागू नका, आणि लग्नसराई, गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा हे दिवस टाळा, फुटबॉलचा पेठांचा सामना असेल तो दिवस तर हमखास टाळा. महिनाभर आधी एखाद्या इथल्या हौशी संस्थेला भेटा, ते लोक जागा, लाईटवाला, पोस्टर चिकटवणारी पोरं सगळं जमवून देतात. प्रयोग झाल्यावर प्रेक्षक आत येऊन तोंडावर सांगतील काय आवडलं आणि काय नाही, ऐकून घ्या, ते आपुलकीनं बोलतात. मग त्यातलाच कुणीतरी जेवायला घरी घेऊन जाईल. नाही म्हणू नका, त्याच्या घरी पांढरा चढवून झालेला असतो.